रायफल जेवताना कुठे होती?

पीएच.डी.च्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक निष्कर्ष काढला होता. दिसायला फार देखणा होता. 'थंडीत राहिल्यावर नेमबाजाची अचूकता घटते.' सोबत आलेख होता, तीन नेमबाज होते, सकाळच्या आणि दुपारच्या गोळ्यांची तुलना होती. गाइडनी कागद शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला : "जेवणाच्या सुट्टीत रायफल कुठे होती?"

मला वाटलं, गंमत करताहेत. रायफल आमच्याबरोबरच होती. बाहेर उणे १२ अंश सेल्सिअस, आणि आम्ही क्लबच्या गरम खोलीत सूप पीत बसलो होतो. गोळ्या काढलेली, तपासलेली रायफल तिथेच भिंतीपाशी स्टँडवर. चाळीसएक मिनिटांनी आम्ही आणि ती, सगळे परत बाहेर. त्यानंतरचं ग्रुपिंग पसरलं, आणि काही काडतुसं तर उडालीच नाहीत. मी त्याला 'थंडीचा परिणाम' म्हटलं.

गाइड म्हणाले, "तो थंडीचा परिणाम नाही. तो बहुधा तुझ्या गरम खोलीचा आहे."

ही पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे. विषय नेमबाजीचा आहे, पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तुमच्या सिनॉप्सिसमध्येही अशी एक रायफल कुठेतरी भिंतीला टेकून उभी असण्याची शक्यता आहे.

थंडी एक नाही, चार आहेत

मी उत्तर फिनलंडमध्ये काम करते. इकडे थंडीत नेमबाजी ही हौस नाही, परंपरा आहे. बायॅथलॉन हा खेळ बघा. पायात स्की बांधून बर्फावरून दमछाक होईपर्यंत पळायचं आणि मग ५० मीटरवरच्या पाच गोल लक्ष्यांवर पॉइंट टू-टू रायफलनं नेम धरायचा. झोपून मारताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, उभ्यानं ११५. हवेचं तापमान उणे २० च्या खाली गेलं तर शर्यत सुरू करत नाहीत. म्हणजे उणे अठराला शर्यत होऊ शकते!

'आपल्याला काय त्याचं' असं म्हणू नका. आपल्याकडेही ५० मीटर रायफल हा मोठा प्रकार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. आणि जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्यातल्या सकाळी रेंजवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, बोटं ऐकत नाहीत म्हणजे काय ते.

तर, 'थंडी' हा शब्द आपण एकच व्हेरिएबल असल्यासारखा वापरतो. प्रत्यक्षात रेंजवर निदान चार वेगवेगळी तापमानं असतात : हवेचं, रायफलच्या धातूचं, काडतुसाचं आणि बोटाच्या त्वचेचं. चारही वेगवेगळ्या वेगानं बदलतात. माझ्याकडे थर्मामीटर एकच होता, तोही खिडकीबाहेर टांगलेला. आता एकेक घेऊ.

धातू : खरा शत्रू पाणी

मुंबईत एसी लोकलमधून दादरला उतरलात की चष्म्यावर धुकं येतं. का? काच गार, बाहेरची हवा दमट. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. कुठलीही वस्तू दवबिंदूपेक्षा गार असली की तिच्यावर पाणी धरणारच.

आमच्या क्लबच्या खोलीत २१ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्के धरा. हवा तशी कोरडीच. तरी तिचा दवबिंदू साधारण ५ अंश येतो. रायफल आत आली तेव्हा उणे १२ ला होती. म्हणजे दवबिंदूपेक्षा सतरा अंश खाली. तिच्यावर आधी बारीक दहिवर धरलं, मग ते वितळलं, आणि ते पाणी जिथे वाट मिळाली तिथे शिरलं : बॅरलमध्ये, ट्रिगरच्या यंत्रणेत, बोल्टमध्ये फायरिंग पिन सरकते त्या पोकळीत. आम्ही सूप संपवून बाहेर आलो, आणि ते पाणी गोठलं.

पॉइंट टू-टूच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो. फायरिंग पिननं ती कड पुरेशा जोरानं चेपली तरच तो पेटतो. बर्फाच्या पापुद्र्यात अडखळत आलेली पिन मऊ मारते. मग काडतूस उडत नाही, किंवा उडालं तरी प्रत्येक वेळी सारखं पेटत नाही. माझ्या 'थंडीच्या परिणामा'तला मोठा भाग हाच असावा. सकाळभर रायफल उणे १२ ला असताना काही तक्रार नव्हती, हे माझ्याच नोंदीत होतं. मी ते बघितलं नव्हतं.

म्हणून इकडचे जुने नेमबाज काय करतात ते ऐका :

- सुट्टीत रायफल गरम खोलीत आणत नाहीत. गोळ्या काढून, तपासून, बाहेरच्याच थंड पण कुलूपबंद आणि नजरेखालच्या जागेत ठेवतात. थंड आहे ना, मग दिवसभर थंडच राहू दे.
- दिवस संपल्यावर घरी न्यायची वेळ आली की बाहेरच, थंड हवेतच ती पेटीत किंवा हवाबंद पिशवीत बंद करतात. मग आत आणल्यावर दव पेटीच्या बाहेरच्या बाजूवर धरतं, धातूवर नाही.
- पेटी लगेच उघडत नाहीत. अस्तर लावलेल्या पेटीतली रायफल खोलीच्या तापमानाला यायला काही तास लागतात. तेवढा धीर धरतात.
- उघडल्यावर मात्र पुसून, बॅरल कोरडं करून, पातळ तेलाचा हात फिरवतात. ओली रायफल बंद पेटीत ठेवून झोपायला जाणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

शेवटची चूक मी त्याच दिवशी केली. त्याबद्दल शेवटी सांगते.

हे ज्ञान उलट्या दिशेनंही लागू पडतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात एसी खोलीतून रायफल थेट दमट हवेत काढलीत तर तिच्यावर असंच पाणी धरेल. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो. एसीतल्या बावीस अंशांच्या बॅरलला तो पुरेसा आहे. म्हणजे बर्फ नसलेल्या गावातही हाच धडा : रायफलला एका हवेतून दुसऱ्या हवेत नेणं हा घातक क्षण.

तेल आणि बर्फ

तेलाचं थोडक्यात. गारठ्यात साजूक तुपाचं काय होतं ते डब्यात बघितलंच असेल. जाड वंगणाचं तसंच होतं. ते घट्ट झालं की पिन पुन्हा मऊ मारते. म्हणून कडाक्याच्या थंडीआधी बोल्टमधलं जुनं तेल-ग्रीस पूर्ण काढतात आणि तो कोरडा ठेवतात किंवा कमी तापमानासाठीच्या तेलाचा अगदी पुसट थर देतात. 'जास्त तेल म्हणजे जास्त काळजी' हा आपला समज इथे उलटा पडतो.

बर्फाचं मात्र थोडक्यात नाही. बॅरलच्या तोंडात बर्फ जाऊन बसला आणि तशीच गोळी झाडली तर बॅरल फुटू शकतं. बायॅथलॉनच्या रायफलींना पुढच्या-मागच्या साइटवर आणि बॅरलच्या तोंडावर बर्फापासून वाचवणारी झाकणं असतात ती उगाच नाहीत. रायफल बर्फात टेकली, पडली, शंका आली, तर गोळ्या काढायच्या, बोल्ट बाहेर काढायचा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. फुंकर मारायची नाही. तुमचा श्वास दमट असतो, तो आत जाऊन गोठतो.

आणि ट्रिगर दाबूनही काडतूस उडालं नाही तर? बॅरल लक्ष्याच्या दिशेला तसंच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं. उशिरा पेट घेणारं काडतूस असू शकतं. थंडीनं कंटाळलेला माणूस नेमका इथे घाई करतो.

काडतूस : आकडेमोड करून बघा

इथे जरा वही घ्या. मॅच दर्जाच्या पॉइंट टू-टू गोळीचा वेग बॅरलमधून निघताना सेकंदाला साधारण ३३० मीटर असतो. ५० मीटर जायला तिला अंदाजे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणानं ती किती खाली येते? अर्धा गुणिले ९.८१ गुणिले ०.१६ चा वर्ग. उत्तर सुमारे साडेबारा सेंटिमीटर. साइट लावताना हे पडणं आपण धरलेलंच असतं.

आता समजा काडतूस गार झाल्यानं वेग ३ टक्के कमी झाला. (३ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय. खरा आकडा काडतुसाप्रमाणे बदलतो.) वेळ ३ टक्के वाढली, पडणं सुमारे ६ टक्के वाढलं, म्हणजे जवळजवळ साडेसात मिलिमीटर. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. म्हणजे जवळपास एक गुण गेला. शिवाय थंड हवा दाट असते. वीस अंशांवरून उणे बारावर आलं की समान दाबाला तिची घनता सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, गोळीला जास्त अडवते.

पण थांबा. सगळ्याच गोळ्या साडेसात मिलिमीटर खाली लागल्या, तर साइटला दोन-चार क्लिक देऊन प्रश्न मिटतो. खरी पंचाईत होते ती काही काडतुसं खिशातली उबदार आणि काही बाकावरची गार असताना. तेव्हा गोळ्या एकसारख्या खाली लागत नाहीत, पसरतात. पहिल्या प्रकारच्या चुकीला आपण पद्धतशीर त्रुटी म्हणतो, दुसरीला यादृच्छिक. पुस्तकात हे दोन शब्द वाचून मला परीक्षेत गुण मिळाले होते. अर्थ मात्र खिशातल्या काडतुसांनी शिकवला. नियम साधा : सगळी काडतुसं एकाच जागी, एकाच तापमानाला ठेवा. आणि त्याच तापमानाला साइट लावा.

एअर रायफल-पिस्तूलवाल्यांसाठी एक आकडा. जुन्या कार्बन डायऑक्साइड पिस्तुलात द्रव वायूचा दाब २० अंशांना सुमारे ५७ बार असतो, तो शून्य अंशाला ३५ वर येतो. दाबलेल्या साध्या हवेचं तसं नाही. २० अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर शून्याला १८६ च्या आसपास दाखवेल, आणि पुढे दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर असतो.

बोट : सगळ्यात नाजूक उपकरण

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येऊ. बोटाच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांखाली गेलं की बारीक कामातली सफाई कमी होऊ लागते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शाची जाण झपाट्यानं जाते. लक्षात घ्या, हे हवेचं तापमान नाही, त्वचेचं आहे. उणे १२ मध्ये चांगल्या मिटनमधला हात ३० अंशांना असू शकतो, आणि ८ अंशांच्या दिल्लीत धातूला चिकटलेलं उघडं बोट १५ च्या खाली जाऊ शकतं.

धातू गार का लागतो? लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच तापमानाला असले तरी अ‍ॅल्युमिनियम तुमच्या हातातली उष्णता लाकडाच्या शेकडो पट वेगानं वाहून नेतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक असेल तर गाल आणि हात टेकतो तिथे चामडं, लाकूड किंवा रबर हवं.

आणखी एक गंमत. गार पाण्यात बोट बुडवून ठेवलं तर आधी रक्तवाहिन्या आकसतात, पण पाच-दहा मिनिटांनी त्या अचानक रुंदावतात, बोट उबदार होतं, मग पुन्हा गार. थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याचं वर्णन केलं. म्हणजे 'थंडीत दहा मिनिटं' आणि 'थंडीत पंधरा मिनिटं' या दोन मोजमापांत बोट उलट अवस्थेत असू शकतं. तुम्ही कधी मोजता यावर उत्तर ठरतं.

यात सुरक्षिततेचा मुद्दा सगळ्यात वर आहे. बायॅथलॉनमध्ये ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम भार लागतो. इतर मॅच रायफलींचे ट्रिगर याहून कितीतरी हलके असू शकतात. ज्या बोटाला ट्रिगर जाणवत नाही ते बोट ट्रिगरवर असताच कामा नये. सोपी चाचणी : अंगठा त्याच हाताच्या करंगळीला सहज टेकवता येतो का? नाही आला, तर रायफल रिकामी करा, खाली ठेवा, हात गरम करा. गुण नंतर.

कपडे, आणि डोक्याची दंतकथा

कपड्यांचं तत्त्व आपल्या धनगरांना कधीच कळलंय. घोंगडी पावसात भिजली तरी ऊब देते, कारण लोकर ओली झाल्यावरही हवा धरून ठेवते. सुती गंजीफ्रॉक घामानं भिजला की अंगाला चिकटतो, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता ओढून नेतं. म्हणून आत पातळ लोकरीचा थर, सुती नको. चालत रेंजवर जाताना वरचा कोट काढा, घाम येऊ देऊ नका, पोचल्यावर घाला. पायाखाली जाड चटई टाका. दोन फैरींच्या मधे पातळ हातमोज्यांवर मिटन चढवा.

पण नेमबाजाला वाटेल तेवढे कपडे घालता येत नाहीत. ऑलिंपिक प्रकारच्या रायफल स्पर्धेत जॅकेटच्या एकेरी थराची जाडी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आतल्या कपड्यांवरही बंधन आहे. शिवाय एक स्वेटर वाढला की खांद्याची बैठक बदलते, आणि नेमही. सराव ज्या कपड्यांत केला त्याच कपड्यांत स्पर्धा.

'शरीराची जवळपास निम्मी उष्णता डोक्यातून जाते' हे तुम्ही ऐकलंच असेल. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाएक टक्के असतं आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. मग हा आकडा आला कुठून? बहुधा जुन्या अमेरिकी लष्करी प्रयोगांतून, जिथे माणसांना ध्रुवीय पोशाख घातला होता आणि डोकं उघडं ठेवलं होतं. सगळं झाकून एकच खिडकी उघडी ठेवली तर वारा तिथूनच येणार ना! टोपी घालाच, पण कारण बरोबर सांगा. तिथेही मोजमाप खरं असावं, अर्थ मात्र चुकला. कुणीतरी 'बाकीचं शरीर कुठल्या अवस्थेत होतं?' हे विचारलं नाही.

मग प्रयोग कसा करायला हवा होता?

दुसऱ्या हिवाळ्यात मी आराखडा बदलला. आधी माणूस बाजूला काढला : रायफल वाइसमध्ये घट्ट बसवून, गार आणि उबदार काडतुसं वेगवेगळी झाडून, नुसत्या साधनाचा पसारा किती ते बघितलं. मग माणूस आत आणला. हात गरम किंवा गार, काडतूस गरम किंवा गार, रायफल सतत बाहेरच किंवा आत-बाहेर केलेली. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ जोड्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. कारण सगळ्यांना आधी 'गरम' आणि मग 'गार' असं घेतलं की थंडीबरोबर थकवा, भूक आणि कंटाळाही मोजला जातो. पहिल्या वर्षी माझी 'सकाळ' आणि 'दुपार' हीच मुळात फसवी तुलना होती. आणि आता चार ठिकाणी चार सेन्सर आहेत, त्यातला एक बोल्टवर.

तुमचा विषय नेमबाजी नसेल, हरकत नाही. तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकातला सगळ्यात मोठा शब्द शोधा. 'ताण', 'दर्जा', 'ग्रामीण', 'प्रदूषण', काहीही. तो शब्द कुठल्या कुठल्या जागी, कशानं मोजता येईल याची यादी करा. मग तुमच्या निरीक्षणांमधल्या मोकळ्या वेळेकडे बघा : सुट्टी, प्रवास, साठवण, नमुने फ्रिजबाहेर राहिलेला तास, मुलाखतीआधीचा चहा. ज्या वेळेची नोंद तुम्ही केली नाही, तिथे काय घडलं? नोंदवहीत एक रकाना त्यासाठी आजच आखून ठेवा.

राहता राहिली ती रायफल. त्या दिवशी मी ती ओलीच पेटीत बंद केली होती. चौथ्या दिवशी क्लबच्या प्रशिक्षकांनी पेटी उघडली, मला बोलावलं आणि काही न बोलता कापड आणि तेलाची बाटली हातात दिली. अख्खी दुपार घासत होते. रायफल अजून वापरात आहे, नेमही नीट लागतो. बोल्टवर एक तांबूस डाग मात्र राहिलाय, तो काही जात नाही.